पडद्यांचा झगा

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितेय. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा खोकला थांबला का?

तू शिवलेल्या झालरींच्या झग्याबद्दल विचारलंस, तेव्हा मी उत्तर टाळलं होतं. आता सांगते. पहिल्याच दिवशी तो घालून दुकानात गेले, तर आमच्या मॅनेजरबाईंनी झालर चिमटीत धरून सगळ्यांसमोर विचारलं, "घरचे पडदे फाडून शिवलाय का गं?" सगळे खो खो हसले.

यंदा फॅशन शोमध्ये जिकडेतिकडे झालरीच. बाईंनीही दुकानाच्या पार्टीसाठी झालरींचा महागडा गाऊन आणला. पार्टीच्या दिवशी मी तुझा झगा आत पांढरा शर्ट घालून दिवसभर वापरला. संध्याकाळी शर्ट काढला, कमरेला रुंद काळा पट्टा बांधला आणि उंच टाचांचे बूट चढवले. पार्टीत दुकानाच्या मालकीणबाई थेट माझ्याकडे आल्या.

"कुठून घेतलास गं हा?"

"आईने शिवलाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मॅनेजरबाई म्हणतात, घरचे पडदे फाडून."

पुन्हा सगळे हसले, पण या वेळी मॅनेजरबाईंना.

आता बाईंनी मला गोदामात टाकलंय. काळजी करू नकोस, तिथे निदान शांतता असते.

आणि मला वाईटही वाटत नाही. त्या संध्याकाळी बाई बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडत होत्या. त्यांचं रडणं थांबेपर्यंत मी बाहेर आरशासमोर उभी राहून तुझ्या झालरी नीट करत होते.

तुझ्याइतकीच हट्टी,
तुझी धाकटी