एका खाटेसाठी गॅरांड

६ सप्टेंबर
माझ्या बायकोचे, ट्रुडीचे, हार्लनकाका कायमचे फ्लोरिडाला गेले. गुडघे. म्हणजे सासऱ्यांच्या शिकारीच्या कॅम्पवर सहापैकी एक खाट रिकामी झाली.
लग्नाला तीन वर्षं झाली. दर नोव्हेंबरात मी सासऱ्यांचं सामान कॅम्पपर्यंत पोचवतो आणि परत येतो. हरणांचा सीझन सुरू होतो त्या दिवशी आमच्या गावात पुरुष म्हणून मी, पाद्री आणि दोन आजारी माणसं. गेल्या वर्षी नाश्त्याच्या हॉटेलातली बाई मला म्हणाली, "काय रे, बरं नाही का?" मी अंडी अर्धी टाकून उठलो.
सासऱ्यांना (एल्वुड झर्बी, बोलणं कमी, बघणं जास्त) आज विचारलंच, खाटेचं काय? म्हणाले, "बघू. बंदूक आहे का, जावईबापू?"
नाही. म्हणजे अजून नाही. निश्चय: खाट माझी.

७ सप्टेंबर
मेहुणा कर्बी सल्ला देऊन गेला. कुणी मागितला नव्हता. त्याच्याकडे ती काळी, लष्करी थाटाची एआर रायफल आहे. तिला दुर्बीण, टॉर्च, एक मूठ आणि आणखी एक मूठ. म्हणाला, "दाजी, नेमबाजीच्या रेंजवर शिकायला हीच घ्या. हलकी, धक्का नाही. आमची आजीपण मारते." त्यांच्या आजीला मी ओळखतो. ती कशानेही मारेल.
तत्त्व ठरवलं: जे कर्बीकडे आहे ते माझ्याकडे असणार नाही.

११ सप्टेंबर
पर्याय सापडला. एम-वन गॅरांड. अक्रोडाचं लाकूड आणि पोलाद, प्लास्टिक औषधालाही नाही. दुसरं महायुद्ध जिंकलेली रायफल. कर्बीच्या एआरने आजवर रिकामे डबे जिंकलेत.
वजन साडेचार किलोच्या आसपास. पुरुषाच्या हातात काहीतरी असल्यासारखं वाटलं पाहिजे.
ट्रुडीला फोटो दाखवला. म्हणाली, "हरणांनी फ्रान्स घेतलाय का?" बायकांना इतिहास कळत नाही.

२७ सप्टेंबर
घेतली. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बंदुकांचं प्रदर्शन होतं, तिथे एका दाढीवाल्याकडून. चौकशीचे सगळे सोपस्कार नीट पार पाडले. दाढीवाला म्हणाला, पहिलीच का? मग ही कशाला? कशासाठी हवीये? मी म्हटलं, सर्वसाधारण. हेतू सांगितला नाही. इथे कोण कर्बीच्या ओळखीचा निघेल सांगता येत नाही.
तो अंगठ्याबद्दलही बराच वेळ काहीतरी सांगत होता. वरून आठ गोळ्यांची क्लिप दाबली की बोल्ट, म्हणजे आतला पोलादी दांडा, झटकन पुढे सुटतो, वगैरे. मी मान डोलावली. हे सगळं मी घरी वाचलेलं आहे आणि मला वाचलेलं विसरण्याची सवय नाही.

४ ऑक्टोबर
रेंजवर गेलो. आठ गोळ्या. कागद शाबूत.
कारणं: वारा. शेजारच्या माणसाचं खोकणं. शिवाय ही रणांगणाची रायफल आहे, कागदाची नव्हे.
खांदा निळा. शेवटची गोळी सुटल्यावर क्लिप उडते आणि टिंग असा आवाज येतो. तो आवाज ऐकून खोकणारा माणूस उठून उभा राहिला, बंदुकीकडे बघून हसला आणि मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. असे असतात लोक.

१८ ऑक्टोबर
शिकारीचा कोर्स पास. परवानाही मिळाला, त्याच्याबरोबर नियमांचं पुस्तक. रात्री पेन्सिल घेऊन बसलो. साठ पानं तपासली, शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही. म्हणजे पुस्तक विश्वासाचं आहे. मजकूर नंतर वाचू. नियम हे मुळात ते मोडणाऱ्यांसाठी असतात.

२ नोव्हेंबर
कर्बीने गॅरेजमध्ये रायफल पाहिली. ट्रुडीने दाखवली असणार, दोघं एकाच रक्ताची. विचारलं, "ही घेऊन कॅम्पवर येणार? हरणाला?" मी म्हटलं, अर्थात. त्याने तोंडावर हात ठेवला, भिंतीकडे वळला आणि थोडा वेळ त्याचे खांदे हलत होते. मग वळला तो एकदम गोड. "आणा दाजी, जरूर आणा. बाबांना आधी बोलू नका हं. चेहरा बघायचाय मला त्यांचा."
कर्बी प्रथमच माझ्यापुढे नरमला. कारण उघड आहे: जळतो.

१५ नोव्हेंबर
रेंज. कागदाला एक भोक. खोकणारा म्हणाला ते त्याचं आहे. वाद घातला. भोक माझंच आहे.

२७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टर्की खाताना सासऱ्यांनी पहिल्यांदा स्वतःहून माझ्याकडे पाहिलं. "उद्या दुपारी निघतो. खाटेवर गादी पातळ आहे." एवढंच. ट्रुडीने टेबलाखाली माझा हात दाबला. मी तिला सगळं माफ केलं. फ्रान्ससुद्धा.

२८ नोव्हेंबर, दुपारी ४, कॅम्प
लाकडी भिंतीवर शर्टांचे फाटके तुकडे खिळ्यांनी ठोकलेले. हरणावर नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाचं मागचं टोक कापतात. कर्बीची चार आहेत. मोजली नाहीत, दिसली.
खाट खिडकीखाली. गादी खरंच पातळ. उत्कृष्ट खाट आहे.
सासरे, कर्बी, सासऱ्यांचे तीन दोस्त. मी पिशवीची चेन उघडली आणि गॅरांड टेबलावर ठेवली. मग तिघेही म्हातारे उठून उभे राहिले. सासऱ्यांनी ती उचलली, न बघता बोल्ट मागे ओढला, आत पाहिलं. म्हणाले, "नॅशनल गार्डमध्ये शिपाई होतो तेव्हा हीच होती मला." त्यांचा आवाज निराळाच लागला. एक दोस्त म्हणे, "एल्वुड, मलाही दे रे जरा."
जिंकलो. कर्बी कोपऱ्यात बिअर पीत होता. बघत राहा म्हणावं.

सायंकाळी ६
आपल्या राज्यात हरणावर सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गॅरांडसारखी पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, चालत नाही.
म्हणे पूर्वीपासून. म्हणे शाळेतल्या पोराला माहीत असतं. म्हणे पुस्तकात लिहिलेलं आहे. सासऱ्यांनी हे अगदी हळू सांगितलं, त्यामुळे जास्त लागलं. कर्बीने स्वतःची साधी बोल्टवाली, दर गोळी हाताने भरायची रायफल बाहेर काढली. काळी एआर, तीही सेमी-ऑटोमॅटिकच, तो घरी ठेवून आला होता! म्हणजे सप्टेंबरपासून त्याने मला बेसावध ठेवलं. मी तसं सरळ बोललो. तो म्हणाला, "दाजी, मी रेंजवर शिकायला म्हणालो होतो. तुमच्या कानात काय गेलं ते तुम्हाला ठाऊक."
सासरे म्हणाले, "पुरे. माझी जुनी बोल्टवाली देतो ह्याला. पहाटे पाचला निघायचं. खाट तुझ्याकडेच ठेव, जावईबापू."
खाट ठेव! हे शब्द आहेत. साक्षीदार आहेत.

सायंकाळी ७
डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन बरोबर आहे.
कर्बी म्हणाला, "एवढी आणलीच आहे तर भरून तरी दाखवा." सासरे म्हणाले, राहू दे. मी राहू द्यायला हवं होतं असं ट्रुडीचं मत असेल, पण ट्रुडी तिथे नव्हती. सरावाच्या खोट्या गोळ्या माझ्याकडे होत्या. पद्धत तोंडी समजावून सांगत, सगळ्यांना दिसेल अशी क्लिप दाबली. बोल्ट वेळेआधी सुटला. उजवा अंगठा आत.
मी ओरडलो नाही. लोक काहीही सांगतील.
एका म्हाताऱ्याने बर्फ आणला. दुसरा म्हणाला, "गार्डमध्ये पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा असाच जायचा." तिसरा हसून हसून खुर्चीवरून घसरला. सासऱ्यांनी अंगठा दिव्याखाली धरला. "नख जाईल. उद्या बंदूक नाही धरता येणार." मी म्हटलं, मी स्वयंपाक करतो, भांडी घासतो. ते म्हणाले, "कुठल्या हाताने?"
ट्रुडीला फोन केला त्यांनी.

२९ नोव्हेंबर, घरी
ट्रुडी रात्रीच न्यायला आली. गाडीत बर्फाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. तेवढं बरं केलं.
निघताना मी रायफल उचलायला गेलो तर सासरे म्हणाले, "राहू दे तिला. गाडीत गारठेल." भिंतीवर पाचच खुंट्या आहेत, म्हणून त्यांनी ती खिडकीखालच्या खाटेवर आडवी ठेवली आणि वरून माझं पांघरूण घातलं.
तात्पुरती सोय. हक्काला बाध येत नाही.

३० नोव्हेंबर
सासऱ्यांचा फोन आला, ट्रुडीने घेतला. कर्बीला आठ टोकांच्या शिंगांचा नर मिळाला. माझ्या अंगठ्याची चौकशी नाही. रायफलला कुठलं तेल लावतोस, एवढं मात्र दोनदा विचारलं. काल संध्याकाळी म्हणे सगळ्यांनी आळीपाळीने त्या रायफलीने डबे उडवले. टिंग झालं की म्हातारे टाळ्या पिटायचे.
मग ट्रुडी म्हणाली, बाबांनी खाटेवरचं हार्लनकाकांचं नाव तासून काढलं. नवीन नाव कोरलं चाकूने.
मी उठून बसलो. शेवटी माणूस न्यायी आहे. विचारलं, पूर्ण नाव कोरलंय की नुसतं आडनाव, बिटनर?
ट्रुडीने बटाटा सोलायचा थांबवला. माझ्याकडे बघितलं, मग अंगठ्याकडे.
"नुसतं गॅरांड," म्हणाली.