हो, नको, की सांगता येत नाही?

१६ ऑक्टोबर, सोमवार
आज सर्वेक्षणाचे बेचाळीस फोन केले. "सरकारी आरोग्य विमा आणखी लोकांना द्यावा का? हो, नको, की सांगता येत नाही?" दिवसभर हेच; ७ नोव्हेंबरला राज्यात यावरच मतदान आहे. एकजण खेकसला, "फुकट्यांना मी का पोसू?" अगदी आमच्या नवरोबासारखा! कागद कारखाना बंद पडल्यापासून आमच्याकडेही विमा नाही — तरी वेंडेलने अंगणात "नको"ची पाटी रोवलीय. भेटेल त्याला सांगत सुटतो, नको म्हणा.
गाठ आज पुन्हा चाचपली. आहे तिथेच.

१७ ऑक्टोबर
मोठी झालीय का? नाही. बहुतेक नाही.

१९ ऑक्टोबर
घात झाला! फोनवर मिसेस टिबेट्स म्हणून एक म्हातारी होती. प्रश्न संपले तशी म्हणाली, "आणि तुझं काय मत गं, पोरी?" आपलं मत सांगायचं नाही, सक्त नियम. पण तोंडातून निघूनच गेलं — "माझ्या छातीत गाठ आहे. ऑगस्टपासून. कुणालाच सांगितलं नाही."
ती हळूच म्हणाली, "माझी बहीण अशीच गप्प बसली होती."
सगळे फोन रेकॉर्ड होतात. साहेबीण नोरीन ऐकते.

२० ऑक्टोबर
नोरीनने बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. तिने दार लावून घेतलं. "ते मी पुसून टाकलंय. बँगोरला एका दवाखान्यात फुकट तपासतात. गुरुवारी जायचं. आणि नवऱ्याला सांगायचं — आजच."
सांगितलं. वेंडेल धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत राहिला. "मला का नाही बोललीस?"
"तू म्हणतोस ना, फुकटे..."

२६ ऑक्टोबर
तपासायला सुईने गाठीचा तुकडा काढला. दुखलं थोडंच, भीतीनेच अर्धी मेले. वेंडेल बाहेर बसला होता. निघताना नर्सची नजर त्याच्या मानेवरच्या काळ्या डागाकडे गेली. "हा कधीपासून?"
"उन्हात राबलोय बाई, दुसरं काय!" हसला. तिने त्याला डॉक्टरकडे नेलंच. त्याचाही तुकडा घेतला.

३० ऑक्टोबर
दवाखान्यातून अजून फोन नाही. जेवण जात नाही. ऑफिसात मात्र — हो, नको, की सांगता येत नाही?

३ नोव्हेंबर
माझी गाठ साधी निघाली. कॅन्सर वेंडेलच्या डागात आहे.
तो एवढंच म्हणाला, "मंगळवारी मतदान होईपर्यंत कुणाला सांगू नकोस."