लष्करी ट्रकवरची खोली

चिरंजीव पुंडलिक यास दादाचा आशीर्वाद.

लिलावातल्या लष्करी ट्रकवर खोली बांधून आपण तिघांनी लडाखला जायचं, हे खूळ तुझंच. खोली ट्रकच्या सांगाड्यावर, चासीवर बसवताना तू म्हणालास, “दादा, वेल्डिंग नको. खाली स्प्रिंगा घाल, होडीसारखी हलू दे.” मी सगळ्यांदेखत हसलो, “तू आपले बोंबील वाळव!” तेव्हापासून तू सातपाटीहून बोईसरला फिरकला नाहीस.

जन्मभर कारखान्यांच्या टाक्या जोडल्या रे. हललं की गळलं, एवढंच मला ठाऊक. शहाण्याला शब्दाचा मार, मला खड्ड्याचा लागला. काल ट्रक बाहेर काढला, तर मनोरपुढे एक चाक खड्ड्यात गेलं, चासी पिळली, तिला जोडलेली खोलीही पिळली आणि दार आवळून बसलं. आत तुझी वहिनी! पहार घातली, लाथा घातल्या, दार हलेना. शेवटी जमनाला खिडकीतून उतरवली. उतरताच म्हणाली, “भावजींना बोलवा, नायतर मी लडाखला येत नाय.”

आठ महिन्यांचं वेल्डिंग आज ग्राइंडरने कापतोय. जीव जळतो.

हे पत्र टपालात टाकत नाही, तुझ्या हातातच देतो. उद्या नुसता ट्रक आणि स्प्रिंगा घेऊन तुझ्या दारात येतो. हसायचं तेवढं हस, पण सगळ्यांदेखत हस. मीही तसाच हसलो होतो.

तुझा हट्टी दादा,
हरेश्वर