सुरेखाच्या जागी मी

मंगळवार, दसऱ्यानंतरचा. दिवेलागण.

आज मुकादम येऊन गेला. ऊसतोडीला एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, म्हणून माझ्या बाळूबरोबर त्यानं सुरेखालाही धरलं. सूनबाईला तिसरा महिना आहे. धड जेवण जात नाही, आणि फडात पहाटेपासून मोळ्या वाहायच्या?

वाचनालयातल्या पुस्तकातलं डीएनए मिथिलेशनचं पान डोक्यातून जात नाही. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात. कोणतं जनुक काम करेल, कोणतं गप्प बसेल, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. पोटातल्या बाळाच्या खुणा आईच्या खाण्यावरही अवलंबून असतात. उपासमारीच्या काही खुणा मोठेपणीही राहतात, आणि मधुमेहाशी त्यांचा संबंध असू शकतो. ठाम कुणी सांगत नाही. आमचे हे शुगरनंच गेले. सासूबाई ह्यांच्या वेळी काय खात होत्या, कोण सांगणार?

खुंटीवर ह्यांचा कोयता आहे. ह्यांच्यामागे कुणी हात लावला नाही.

मी बाळूला म्हणाले, "तुझ्या जोडीला मी येते. सुरेखा नांदूरघाटला तिच्या आईकडं राहील."

"आई, तिथं मोळी उचलायची हाय, पुस्तक न्हाई!"

"तू पोटात व्हतास तवा मोळ्याच उचलत व्हते. मला काहून शिकवतो?"

सुरेखा आतून हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग कोयता खाली काढला. मूठ ह्यांच्या हातानं गुळगुळीत झालेली, माझ्या हाताला मोठी होते. चिंधी गुंडाळली. आता नीट बसते.