तीन गोल आणि एक देठ

दूध तापवून ठेवलंय, चहा तुझा तू करून घे. ठकीला मी माझ्याबरोबर बालवाडीत नेतेय, तिला आणायला येऊ नकोस. तोंडावर विचारलं तर हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितेय.

काल वर्गासाठी कागदाचे आकार कापत होते. गोल, त्रिकोण, चौकोन तिने पटापट ओळखले. मग गंमत म्हणून मी तीन गोल जवळजवळ चिकटवले आणि खाली देठ लावला. वाटलं, झाड म्हणेल, फार तर फूल. पोरगी टाळ्या पिटत म्हणाली, "किल्वर!" चौकोन तिरका धरला, तर "चौकट!"

घरातले पत्ते तू शपथ घेतलीस त्याच दिवशी मी फाडून टाकले. तेव्हा ती रांगत होती. मग रोज संध्याकाळी तिला नेतोस ती बाग कुठली रे? तिच्या बुटांना मातीचा कण नसतो, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

"कुणी शिकवलं गं?" म्हटलं, तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

तुझे पत्ते मी एकदा सोसले. पण चार वर्षांच्या लेकीला आईपासून लपवायला शिकवलंस, ते नाही सोसवत. पाचला येतो आम्ही. तिच्यादेखत नको, पण खरं सांग.