बेंबीचा खांब

२ जून, रविवार

आलो एकदाचा! मकास्सार शहरातून बसने सात तास, पुढे मोटारसायकलच्या मागे बसून दीड तास. हाडं खिळखिळी झाली, पण घर बघितलं आणि सगळा शीण उतरला. बारा खांबांवर उभं लाकडी घर, खाली माणूस ताठ चालेल एवढी जागा, बांबूच्या पट्ट्यांची जमीन आणि खिडकीत अख्खं तळं. एवढ्या पैशांत मकास्सारमध्ये नुसता जिना आला असता.

तीस वर्षं भूमापन कचेरीत साखळी ओढली, लोकांचे बांध मोजले. आता स्वतःचं मोजायचं. पायरीपासून रस्ता बावीस पावलं, तळं तीनशे दहा. पुढच्या वर्षी रस्ता डांबरी होणार म्हणतात. झाला की पाहुणे येतील, दोन खोल्या भाड्याने जातील. तेन्रीला, म्हणजे बायकोला, हे पटलेलं नाही. म्हणते, दुसऱ्याची जमीन वीत वीत मोजता आणि स्वतःची वेळ आली की डोळे मिटता. शाळा सुटली की एकवीस तारखेला ती आणि बेस्से, आमची नऊ वर्षांची लेक, इथे येणार आहेत. तोवर घर असं चकचकीत करतो की बाईने तोंडात बोट घातलं पाहिजे.

३ जून, सोमवार

आज घरभरणी झाली. गावप्रमुखांना सगळे पाक देसा म्हणतात. माणूस हसरा, बोलण्यात साखर. त्यांनी स्वतः मधल्या खांबाला केळीचा घड आणि नारळ बांधला. हा घराच्या बेंबीचा खांब. आमच्या आजोळच्या घरातही होता. मान घरच्या बाईचा, पहिली मिठी तिने मारायची. तेन्री इथे नाही म्हटल्यावर पाक देसा म्हणाले, मग बाई येईपर्यंत तुम्हीच बाई व्हा की, फक्त पदर तेवढा सांभाळा! सगळे खो खो हसले. मीही हसत खांब कवटाळला. लाकूड कोमट होतं, उन्हामुळे असेल.

शेजारची म्हातारी इंदो चावा मात्र हसली नाही. मक्याची खिमट वाढताना तिने विचारलं, घरात माणसं किती? मी तीन म्हणालो. ती हळूच म्हणाली, कुणी विचारलं तर एकच सांग.

५ जून, बुधवार

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. कागद नीट वाचले तर मी फक्त घर घेतलंय, खालची जमीन नाही! जमीन पाक देसांच्या कुळाची. तीस वर्षं भूमापनात काढलेला माणूस आणि ही अक्कल. तेन्रीला कळलं तर जन्मभर ऐकवील.

पाक देसांकडे गेलो तर ते म्हणाले, एवढंच ना? घराला पाय नसतात, पण गावाला आहेत. शुक्रवारच्या नमाजानंतर चाळीस जण खांदा देतील, घर तळ्याजवळच्या मोकळ्या जागेत ठेवतील, तीही फुकट. घर उचलून नेणं आमच्या लोकांना नवं नाही. शिवाय तळं जवळ म्हणजे भाडं जास्त. दैव देतं ते असं.

७ जून, शुक्रवार

काय दिवस गेला! खांबांना आडवे बांबू बांधले, एकाने आरोळी दिली आणि घर उठलं, अगदी अलगद. बायकांनी पातेलंभर खिमट शिजवली होती. मला मात्र आत बसवलं, बेंबीचा खांब धरून. रिकामं घर उठत नाही, म्हणे. आमच्या मामाच्या गावी कुणी आत बसत नसे. तसं मी बोललो, तर पाक देसा म्हणाले, मामाच्या गावची घरं हलकी, आमची मानी. आता तळं एकशे ऐंशी पावलांवर.

९ जून, रविवार

फोन फक्त रस्त्याच्या वळणावर लागतो. तेन्रीशी बोलायला निघालो. शंभराव्या पावलाला बेंबीत असा हिसका बसला की खालीच बसलो. श्वास मिळेना. मागे सरकलो आणि बरं वाटलं. पुन्हा पुढे गेलो, पुन्हा तेच. तीनदा करून बघितलं, दर वेळी शंभरावरच.

हर्निया असेल, वय झालं, अशी मनाची समजूत घातली. पाक देसांनी फोन घेतला, वळणावर जाऊन तुमच्या बायकोला निरोप देतो म्हणाले. परत आल्यावर काय निरोप दिलात विचारलं तर म्हणाले, घर म्हणजे स्वर्ग, लवकर ये, दुसरं काय सांगणार? फोन अजून त्यांच्याकडेच आहे.

१२ जून, बुधवार

आज मासे द्यायच्या निमित्ताने इंदो चावा आली आणि पाठ वळवून, जणू भिंतीशी, बोलली. जुनं गाव तळ्याच्या तळाशी आहे. पुरात गेलं. तिथल्यांना दर काही वर्षांनी एक घर लागतं, नाहीतर ते वर येऊन स्वतः निवडतात. आधी गाव आळीपाळीने आपलंच घर द्यायचं. मग शहाणपण सुचलं, स्वस्तात विकलं की गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी येतं.

मी म्हणालो, आजी, म्हातारपणी काहीबाही बोलता. ती चिडली नाही. म्हणाली, घर पुरुषावर तरंगतं, बाईवर तळाशी बसतं. बाईने खांब धरला की पुरुष सुटतो. तिच्या बहिणीने धरला, नवरा सुटून परत आला, त्याने दुसरं लग्न केलं. आज तो गावप्रमुख आहे.

आणि बाई येण्याआधीच पुरुषाने खांब कायमचा सोडला तर? तर तो मरतो, म्हणाली, घर त्याच्यासकट खाली जातं, तळ्याचं देणं फिटतं आणि बाई वाचते. असं करून बघितलेला कुणी आठवतो का म्हटलं, तर तिने टोपली उचलली आणि गेली.

१४ जून, शुक्रवार

घर पुन्हा उचलायला गाव जमलं, या वेळी थेट पाण्यात ठेवायला. मी नको म्हणत होतो. पाक देसा म्हणाले, अहो लाजता काय, गाव तुमचंच. चौघांनी हसत हसत मला आत बसवलं. घर हलत असताना खांब सोडून खिडकीकडे गेलो तर घुसमटलो.

बांबूच्या फटींतून खाली पाय दिसत होते. मोजायची सवय जात नाही. चाळीस माणसं, ऐंशी पाय. मी एकशे चौदा मोजले. पाण्यात शिरल्यावर गावकऱ्यांचे पाय चिखलाने काळे झाले. बाकीचे पांढरेच राहिले. गावकरी मागे फिरले, तरी घर थोडं पुढे गेलं.

१५ जून, शनिवार

पळायचं ठरवलं. पिशवी घेऊन गुडघाभर पाण्यातून निघालो. चाळीस पावलं, बस. रांगत पुढे गेलो तर डोळ्यांपुढे काळोख. काठावरून दोघे धावत आले, माझी पिशवी उचलली, मला हाताला धरून घरी सोडलं. वर म्हणाले, अहो, घर एकटं टाकून कुठे निघालात, शोभतं का? किती प्रेमाने म्हणाले! शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दगडाखाली हात सापडलाय माझा.

१८ जून, मंगळवार

चहूकडे पाणी. जेवण होडीतून येतं, पायरीवर ठेवतात. कुणी वर येत नाही. आणणाऱ्याला हात जोडले — बायकोला कळवा, येऊ नको म्हणा. तो म्हणाला, तिकीट काढलं पण त्यांनी, किती खूश आहेत वहिनी.

आता खांबापासून नऊच पावलं जाता येतं.

१९ जून

चार. दिवसाढवळ्या घराखाली बोलण्याचा आवाज. शेजारणी बोलतात तसा. नवीन आली का अजून, असं विचारतात.

भीती वाटते. साधी, लहान मुलासारखी. आई आठवते.

२० जून

कुणी आलं नाही, तरी घर उठलं. खालून. आरोळी नाही, बांबू नाही —

काठापासून दोनशे पावलं तरी. तळाच्या फळ्या ओल्या. आता हात खांबावरून काढला की श्वास बंद. डावा हात खांबावर, उजव्याने लिहितो.

उद्या शुक्रवार. तेन्री, बस चुकू दे. टायर फुटू दे. बेस्सेला ताप येऊ दे, बारीकसा —

२१ जून

स्वच्छ ऊन. काठावर पिवळा रुमाल डोक्याला बांधलेली — तीच. बेस्से उड्या मारतेय. तिला वाटतंय बाबाने घर तळ्यात बांधलं.

पाक देसा त्यांना खिमट देतोय.

ओरडलो. नको, परत जा. तिने हात हलवला.

होडीत बसल्या.

खरं लिहितो. मनात आलं, येऊ दे. तिने हात लावला की मी मोकळा. बेस्सेला घेऊन मकास्सार, आपली गल्ली, आपला चहा. पुढे बेस्सेने विचारलं असतं, आई कुठे, तर काय सांगायचं, तेही जुळवून ठेवलं होतं मी. एवढा नीच. पाक देसाला शिव्या द्यायला तोंड नाही मला.

होडी नव्वद पावलांवर. तेन्री उभी राहून काहीतरी ओरडतेय. मापं घेतलीत की नाही नीट, असं विचारतेय. चिडवतेय. खूश आहे.

घर थांबलंय. फळ्यांवर खालून हलकेच टकटक.

साठ. याहून जवळ आल्या तर होडीही —

बेस्सेने हात पुढे केलाय. तेन्री, तिला घट्ट धर. मी डावा हात का—