आनंदीबाईंचं मिनिट

३ नोव्हेंबर

आजपासून मी प्रभादेवीकर! तळमजल्यावरची खोली, खिडकीबाहेर शेवगा, परळचं हॉस्पिटल आणि माझी शाळा दोन्ही जवळ. लालबागची आमची चाळ पाडायला घेतल्यापासून आई आणि भाऊ अमित मानखुर्दच्या संक्रमण शिबिरात आहेत, चौथ्या मजल्यावर. तिथली लिफ्ट मूड असेल तेव्हा चालते. माझ्यासारख्या सांधेवाताच्या बाईनं तिथं राहणं म्हणजे शिक्षाच! ज्या ट्रस्टनं माझ्या मानेत यंत्र बसवून दिलं, त्यांनीच ही खोलीही शोधून दिली.

घरमालक तात्या. बँकेतून रिटायर झालेले, एकटेच. बायको आनंदीबाई उन्हाळ्यात गेल्या, त्यांनाही माझाच आजार होता म्हणे. दार उघडल्यावर तात्या माझ्या तोंडाकडे न बघता मानेवरच्या टाक्यांकडे बघून हसले. म्हातारा गोड आहे, थोडा चक्रम.

४ नोव्हेंबर

डॉक्टर मीनाक्षींनी आज यंत्र चालू केलं. मोठ्या गोळीएवढं आहे, मानेतल्या एका मोठ्या नसेवर बसवलेलं. रोज सकाळी एक मिनिट ते नसेला बारीक करंट देणार, मग नस शरीराला गप्प करणार. माझं शरीर माझ्याच सांध्यांशी भांडतंय ना, त्याला दटावायला. पट्टा गळ्यात घालून अधूनमधून चार्ज करायचं. तेवढं मिनिटभर आवाज घोगरा होईल, घाबरायचं नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बोटं वळू देत, मग बेडकासारखं ओरडायलाही तयार आहे.

१७ नोव्हेंबर

बोटं वळली! आज फळ्यावर अख्खी कविता लिहिली. पोरं विचारत होती, बाई, तुमचा हात परत आला का? स्टाफरूममध्ये जाऊन चक्क रडले. संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं की मी स्वतः वेणी घातली.

१९ नोव्हेंबर

गंमत झाली. सकाळचं मिनिट नेमकं चहाच्या वेळी येतं. तात्या हल्ली तेव्हा खुर्ची ओढून समोर बसतात. आज माझ्या तोंडून आलं, "अहो, साखर कमी घाला." तात्या सवयीनं "बरं गं" म्हणाले, आणि मग आम्ही दोघं कपाकडे बघत बसलो.

मी आयुष्यात कुणाला 'अहो' म्हटलेलं नाही. लग्नच केलं नाही, तर अहो आणू कुठून? नंतर हसू आलं. तात्यांना मात्र आलं नाही.

२४ नोव्हेंबर

आवाज घोगरा नाही. स्वच्छ आहे, जरा नाकातला, सदाशिव पेठी. आज त्यानं तात्यांना सांगितलं की पुरणयंत्र माळ्यावर पितळी डब्यामागे आहे. तिथंच होतं.

डॉक्टर मीनाक्षींना सांगितलं. त्यांनी रिपोर्ट दाखवला, सूज निम्म्याहून कमी. आवाजात फरक पडतोच, म्हणाल्या, तुम्ही मनाला लावून घेताय. अमितही हेच म्हणाला. पण रात्री फोनवर आईनं विचारलं, कोण बोलतंय?

मिनिट सकाळचं होतं. फोन रात्रीचा.

२६ नोव्हेंबर

तात्यांच्या खनपटीला बसले, तेव्हा बोलले. बॅटरी चितेत फुटते म्हणून असलं यंत्र आधी काढून घेतात. आनंदीबाईंचं काढलं, ते ट्रस्टनं साफ करून ठेवलं. दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. सगळ्यांनी आपापली वचनं देऊन पाहिली. दुपार व्हायला आली. शेवटी तात्या हात जोडून ओरडले, "तुझं यंत्र जिला बसेल, तिला आपल्या घरी आणतो!" तेव्हा कुठे कावळा आला.

"मला वाटलं, निदान तिचा आत्मा तरी सुटेल," म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका सुखी होता की मला शिवीही सुचेना.

बावीस प्रतिज्ञांच्या घरातली मी. पिंड नाही, कावळा नाही, आत्माही नाही. असं स्वतःला दिवसभर बजावतेय.

२८ नोव्हेंबर

आज तिनं माझ्याच तोंडून तात्यांना विचारलं, "हिचं आडनाव काय हो?" तात्यांनी सांगितलं. त्यानं काय फरक पडतो, असंही म्हणाले.

मी चहा तसाच टाकून खोलीत आले.

१ डिसेंबर

ठरवलं. यंत्र चार्ज करायचं नाही. बोटं गेली तरी चालतील, आवाज माझा हवा. तात्या पट्टा घेऊन दोनदा दाराशी आले. कडी लावून घेतली.

५ डिसेंबर

हॉस्पिटलात तपासलं — बॅटरी रिकामी, यंत्र बंद. करंट अजिबात नाही. सुटले म्हणून डॉक्टरांना थँक्यू म्हणायला गेले, तर तिच्या आवाजात. त्या म्हणाल्या, घसा बसलाय, गुळण्या करा.

८ डिसेंबर

मनगटं सुजली. गुडघेही. शाळेत जाणं बंद. आवाज दिवसभर तिचाच — माझा शोधते, सापडत नाही. अमितला मेसेज केला, एका बोटानं, मला घेऊन जा. रविवारी येतोय. आईही येते म्हणतेय.

पाच दिवस काढायचे — फक्त —

१४ डिसेंबर

आले होते. आई घामाघूम, गुडघे धरत. मला उठता येईना. तात्यांनी तिला पाणी आणलं. मी मनात आई, आई म्हणत होते. तोंड उघडलं — आणि हळू, अगदी सभ्यपणे —

"अहो, तो पेला आतला आहे. त्यांना दुसरा द्या. आणि नंतर तो आत आणू नका."

आई तात्यांकडे नाही, माझ्या ओठांकडे बघत होती. पाणी न पिता पेला खाली ठेवला. अमित म्हणाला, "चल आई. हिला आपली लाज वाटायला लागलीय." मी ओरडले. बाहेर आलं फक्त, "या हं."

गेले. तात्यांनी दार लावलं.

अमित फोन उचलत नाही. उचलला तरी — कुणाच्या आवाजात —

लिहून देते. पेन दोन्ही हातांत धरलंय. बोटं —

आई ते मी नाही बोलले. मी तुझीच

आई मी